पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. मग हिशेब कुणाकडे?

२२ मे २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. निकाल कसला, जेमतेम एक ओळ. आठ न्यायमूर्तींची मतं ४ विरुद्ध ४ अशी पडली. नवव्या न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट या प्रकरणापासून दूर राहिल्या होत्या. मतं समान पडली की खालच्या न्यायालयाचा निकाल कायम, असा तिथला नियम आहे. ओक्लाहोमा राज्यात कॅथलिक चर्चला ऑनलाइन चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर संस्थेने चालवायची शाळा, काढायची होती. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली तिला नकार दिला होता. तो नकार तसाच राहिला.

धर्माचा मुद्दा बाजूला ठेवला तरी खाली एक फार साधा प्रश्न उरतो. चार्टर शाळा सरकारी की खासगी? सरकारी असेल तर तिला धर्म शिकवता येणार नाही. खासगी असेल तर चर्चलाच का नाही म्हणायचं? पहिला चार्टर कायदा १९९१ चा. आज अशा शाळांत ३५ लाखांहून जास्त मुलं शिकतात. तरीही या शाळा नेमक्या कुणाच्या, यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात अर्धे-अर्धे झाले.

मला हा विषय आधीच घरून कळला होता. माझी भाची कॅलिफोर्नियात असते. एकदा तिचा फोन आला, ‘मामा, चार्टर शाळेत मुलीची लॉटरी लागली!’ आरटीईच्या २५ टक्क्यांची सोडत ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या वाक्यातला जीव भांड्यात पडल्याचा आवाज ऐकू येईल. पण पुढचं वाक्य होतं, ‘फक्त शेजारीण बोलेनाशी झालीय.’ शेजारणीची मुलं जवळच्या नेहमीच्या सरकारी शाळेत जातात. तिचं म्हणणं, ‘तुमच्यासारखे निघून गेले की आमची शाळा बसते.’

आपल्या मुलीला आपण कुठे घालतो याचा शेजारणीशी काय संबंध? आहे, आणि बराच आहे. तो कसा, ते पाहू.

चार्टर म्हणजे सनद

अमेरिकेतल्या सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतात. आपल्या जिल्ह्याशी त्याची गल्लत नको. ते फक्त शाळांसाठीचं स्थानिक मंडळ असतं. बहुतेक ठिकाणी त्याची वेगळी निवडणूक होते आणि त्याच्या पैशाचा मोठा भाग त्या भागातल्या घरपट्टीसारख्या करातून येतो. यापुढे मी त्याला नुसतं ‘मंडळ’ म्हणेन.

चार्टर म्हणजे सनद, करारपत्र. एखादी संस्था पुढे येते, म्हणते की आम्ही शाळा चालवतो, अमुक इतकं शिकवून दाखवतो. सनद देणारी यंत्रणा तिला साधारण पाच वर्षांची मुदत देते. ही यंत्रणा कुठे मंडळच असतं, कुठे राज्याचं खातं, कुठे चक्क विद्यापीठ. शाळेला दर मुलामागे सरकारी पैसा मिळतो. फी घ्यायची नाही, प्रवेश परीक्षा घ्यायची नाही, अर्ज जास्त आले तर सोडत. बदल्यात तिला मोकळीक मिळते: शिक्षक कसे नेमायचे, तास किती, पुस्तकं कोणती, यातले बरेच सरकारी नियम तिला लागू होत नाहीत. मुदत संपली की कागद तपासायचे. बोलल्याप्रमाणे झालं नसेल तर शाळा बंद.

आपल्याकडच्या वाचकाला जवळचं उदाहरण अनुदानित शाळेचं. संस्था खासगी, पगार सरकारी. पण दोन फरक मोठे आहेत. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला सेवाशर्तींचं कायदेशीर संरक्षण असतं, चार्टर शाळेत ते बहुधा नसतं. आणि आपल्या अनुदानित शाळेला दर पाच वर्षांनी ‘आता राहायचं की जायचं’ अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

गंमत अशी की १९८८ साली ही कल्पना देशभर नेली ती अल्बर्ट शँकर यांनी, म्हणजे शिक्षकांच्याच एका मोठ्या संघटनेच्या अध्यक्षांनी. त्यांच्या मनात होत्या शिक्षकांनी चालवलेल्या छोट्या प्रयोगशाळा. पुढे तिचं जे झालं ते पाहून तेच टीकाकार बनले.

वडाप आणि एस.टी.

पैशाचं गणित समजायला एस.टी. स्टँडवर या. पन्नास माणसांची गाडी लागली आहे. स्टँडबाहेर वडाप उभी राहते, काही गावांत तिला काळीपिवळी म्हणतात. दहा माणसं उठून वडापमध्ये बसतात. एस.टी.चं उत्पन्न पाचव्या भागाने घटलं. पण डिझेल पाचव्या भागाने कमी लागत नाही, आणि ड्रायव्हरचा पाचवा भाग घरी पाठवता येत नाही. शिवाय वडाप भरली की निघते. शेवटच्या वस्तीवरची रात्रीची मुक्कामी गाडी मात्र एस.टी.नेच न्यायची.

आता शाळा घ्या. बारा वर्ग, प्रत्येकी पंचवीस मुलं. त्यातली तीस मुलं चार्टरला गेली. ती काही एकाच वर्गातली नसतात, प्रत्येक वर्गातून दोन-तीन कमी होतात. मुलामागे दहा हजार डॉलर धरले (आकडा हिशेबाच्या सोयीचा) तर तीन लाख डॉलर गेले. पण वर्ग बाराच राहिले, शिक्षिका बाराच. इमारत गरम ठेवायचा खर्च तोच, बस तीच, निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचं ओझं तेच. मग कात्री कुठे लागते? संगीताच्या तासाला, ग्रंथालयाला, शाळेतल्या नर्सला, समुपदेशकाला. यातलं काहीही चार्टर शाळेने हिसकावून नेलेलं नसतं. ते आपोआप गळतं.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराबद्दल २०१८ साली एका अहवालात हा खड्डा वर्षाला ५.७ कोटी डॉलरचा असल्याचं मांडलं गेलं. चार्टरवाल्यांनी लगेच हरकत घेतली, की मंडळाचा स्वतःचा ढिसाळ कारभार कुणाच्या नावावर टाकताय? हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण २०१९ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिस आणि ओकलंड, दोन्हीकडचे शिक्षक पगाराबरोबर या प्रश्नावरही संपावर गेले होते.

मुक्कामी गाडीचा मुद्दाही विसरू नका. मार्च महिन्यात दुसऱ्या राज्यातून आलेलं मूल, गंभीर अपंगत्वामुळे ज्याच्यासोबत दिवसभर एक माणूस लागतो असं मूल, अशा मुलांची शेवटची जबाबदारी बहुतेक ठिकाणी मंडळाची असते. अनेक चार्टर शाळा वर्षाच्या मध्ये किंवा वरच्या इयत्तांत रिकाम्या झालेल्या जागा भरत नाहीत. कायद्याने त्या मुलं निवडू शकत नाहीत हे खरं. पण सोडतीचा अर्ज वेळेत भरणारे, बस नसली तरी मुलाला पोचवू शकणारे पालक आपोआप निवडले जातात.

‘पण माणसं वडापने जातात तरी का?’

कारण एस.टी. वेळेवर येत नाही. हे उत्तर टाळून चार्टर शाळांवर टीका करणाऱ्यांचं मला पटत नाही. मोठ्या शहरांतल्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या कित्येक सरकारी शाळा पिढ्यान्‌पिढ्या वाईट होत्या. पैसेवाले पालक घर बदलून चांगल्या मंडळाच्या हद्दीत जात, म्हणजे त्यांना निवड होतीच. चार्टरमुळे ती घर न बदलता मिळू लागली.

मग निकाल काय सांगतात? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २००९ साली मोठा अभ्यास केला. त्यात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात सरासरी उलटली. चार्टरमधली मुलं वर्षाकाठी वाचनात १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिक्षणाइतकी पुढे होती. (हे ‘दिवस’ म्हणजे गुणांचं सोयीसाठी केलेलं रूपांतर. कुणी हजेरी मोजलेली नाही.) पण पूर्ण ऑनलाइन चार्टर शाळांत मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे.

तेव्हा ‘चार्टर शाळा चांगल्या असतात का’ हा प्रश्न ‘हॉटेलचं जेवण चांगलं असतं का’ यासारखा आहे. कुठलं हॉटेल, आणि स्वयंपाकघर तपासायला कोण जातं?

शेजारच्या सरकारी शाळेचं नेहमी वाईटच होतं असंही नाही. न्यूयॉर्क शहरात एका इमारतीत दोन्ही शाळा भरतात तिथल्या अभ्यासात सरकारी शाळेतल्या मुलांचे निकाल किंचित सुधारलेले दिसले. स्पर्धा आली की एस.टी.सुद्धा कधीकधी वेळेवर सुटते.

हिशेब कोण मागणार?

चार्टरच्या बाजूने दोन उत्तरं दिली जातात. एक, पालकच हिशेब घेतात. नाही पटलं तर मूल काढून नेतात. दोन, सनद देणारी यंत्रणा घेते. नाही जमलं तर सनद काढते. ऐकायला दोन्ही चोख आहेत. ती कशी फसू शकतात हे ओहायो राज्याने दाखवलं.

तिथे २००० साली ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ नावाची ऑनलाइन चार्टर शाळा निघाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक झाली. पैसा पटावर मिळायचा. घरी बसलेलं मूल खरोखर शिकतं का, हे वर्षानुवर्षं कुणी नीट मोजलं नाही. राज्याने लॉग-इनच्या नोंदी मागितल्या तेव्हा २०१५-१६ सालासाठी दाखवलेल्या १५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी पुरावा निघाला सुमारे ६,३०० जणांपुरता. त्या एका वर्षाचे ६ कोटी डॉलर परत करा, असा आदेश निघाला. दरम्यान संस्थापकाच्याच खासगी कंपन्यांना शाळेची मोठी कंत्राटं जात होती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन सत्रात, शाळा बंद पडली. सुमारे १२ हजार मुलं दुसरी शाळा शोधत फिरली. त्यांना सामावून घेतलं कुणी? बऱ्याच जणांना त्यांच्या गावच्या मंडळांनी, म्हणजे ज्यांच्या अंदाजपत्रकातून इतकी वर्षं या मुलांचे पैसे वजा होत होते त्यांनीच.

सनद देणारी यंत्रणा झोपली होती का? तिथे आणखी एक खोच आहे. ओहायोत देखरेखीचं शुल्क म्हणून सनद देणाऱ्याला शाळेच्या सरकारी पैशातले ३ टक्क्यांपर्यंत घेता येतात. शाळेचा पट फुगला तर तपासणाऱ्याचीही मिळकत फुगते. सासूने सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, पण जेवणाचे पैसेही तिलाच सुनेकडून मिळत असतील तर ती काय बोलणार?

कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये असाच प्रकार उघड झाला. ए३ नावाच्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या साखळीवर सॅन डिएगोत खटला भरला गेला. उन्हाळी क्रीडा क्लबांत खेळणाऱ्या मुलांची नावं पटावर चढवली गेली होती. कित्येक मुलांना आपण त्या शाळेत ‘शिकतो’ हे ठाऊकच नव्हतं. साखळीने सरकारकडून ४० कोटी डॉलर उचलले होते. सनदा दिल्या होत्या छोट्या मंडळांनी, शुल्कापोटी, स्वतःच्या हद्दीबाहेरच्या मुलांसाठी.

हे वाचून ‘अमेरिकेतसुद्धा?’ असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०११ आठवा. नांदेडपासून सुरू झालेली पटपडताळणी राज्यभर झाली आणि महाराष्ट्रातल्या शाळांच्या पटावर सुमारे २० लाख नावं बोगस निघाली. बोटाला शाई लावून मुलं मोजावी लागली होती. पटाला पैसा बांधला की पट फुगतो, मग शाळा कुठल्या का देशातली असेना.

या सगळ्यात एक माणूस कुठेच नाही: ज्याची मुलं त्या शाळेत नाहीत पण कर भरतो तो. मंडळाचे सदस्य पसंत नसतील तर तो मतदान करून त्यांना घालवू शकतो. चार्टर शाळेचं संचालक मंडळ बहुधा स्वतःच आपले सदस्य नेमतं. शेजारणीच्या रागाचं एक कारण हेही आहे.

‘शाळा वाईट असेल तर बंद करा की!’

दुकान बंद झालं तर आपण पुढच्या दुकानात जातो. शाळा बंद झाली की काय होतं, याचा सगळ्यांत मोठा धडा न्यू ऑर्लिन्सचा आहे.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आलं, शहर पाण्याखाली गेलं. लुइझियाना राज्याने शंभराहून अधिक शाळा स्थानिक मंडळाकडून काढून घेतल्या आणि हळूहळू सगळ्या चार्टर संस्थांना दिल्या. सात हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आलं. त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि शिक्षकाची नोकरी हाच त्या शहरातल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गाचा कणा होता. त्यांच्या घराचे हप्ते त्या पगारावर चालत, चर्चचा गायकवृंद त्याच बाया सांभाळत. २००५ पूर्वी ७१ टक्के शिक्षक कृष्णवर्णीय होते. २०१४ पर्यंत ते ४९ टक्क्यांवर आले. कर्मचारी कोर्टात गेले, पण लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले.

आणि निकाल? सुधारले, आणि चांगलेच सुधारले. तिथल्याच टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांच्या मते शालान्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ३ ते ९ टक्क्यांनी वाढलं, कॉलेजात जाणारे ८ ते १५ टक्क्यांनी. या सुधारणेचा मोठा भाग, त्यांच्याच म्हणण्यानुसार, वाईट शाळा बंद करून किंवा त्यांचा कारभार दुसऱ्याला देऊन आला.

मी हे दोन परिच्छेद मुद्दाम लागोपाठ लिहिले, कारण वाद घालणारे सहसा त्यातला एकच सांगतात. मुलांचं भलं झालं आणि शहराचं एक अंगही तुटलं. गल्लीतली मुलं सहा वेगवेगळ्या बसमध्ये बसून शहराच्या सहा टोकांना जाऊ लागली. सुरुवातीला प्रत्येक शाळेचा अर्ज निराळा, पालकांनी दारोदार फिरायचं. मुलांना शाळेतून काढून टाकण्याचे नियमही प्रत्येकीचे वेगळे. शेवटी २०१२ मध्ये शहरभर एकच प्रवेश अर्ज आणि काढून टाकण्याची एकच सामाईक पद्धत आणावी लागली. ज्या सरकारी यंत्रणेपासून सुटका करून घेतली, तिचेच तुकडे एकेक करून परत जोडले गेले.

२०१८ मध्ये शाळांवरची देखरेख निवडून आलेल्या स्थानिक मंडळाकडे परत आली. आणि २०२४ मध्ये मंडळाने बऱ्याच वर्षांनी स्वतः चालवायची शाळा उघडली, बंद पडलेल्या एका चार्टर शाळेच्या जागी. तिला नाव दिलं लिआ चेस यांचं. या शहराच्या लाडक्या खानावळवाल्या बाई. वंशभेदाच्या काळात त्यांच्या खानावळीत गोरे-काळे कार्यकर्ते एका टेबलावर बसून जेवत.

मग बसवायचं कसं?

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या, त्यातही बॉस्टनच्या, चार्टर शाळा देशात उत्तम मानल्या जातात. तरीही २०१६ मध्ये अशा आणखी शाळांना परवानगी द्यायची का, असं विचारलं तेव्हा ६२ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. त्यांना शाळा वाईट वाटत नव्हत्या, आपल्या मंडळाच्या पैशाची काळजी होती. २०१९ च्या कायद्याने तिथे यावर एक मधला मार्ग पक्का केला. चार्टरमुळे मंडळावर जो वाढीव बोजा पडतो त्याची भरपाई राज्य पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ६० आणि तिसऱ्या वर्षी ४० टक्के करतं. म्हणजे एस.टी.ला फेऱ्यांची जुळवाजुळव करायला तीन वर्षं मिळाली.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने दोन कायदे केले. एकाने चार्टर शाळांच्या संचालक मंडळांच्या बैठका खुल्या केल्या आणि त्यांच्या कागदपत्रांना तिथला माहिती अधिकार लावला. दुसऱ्याने मंडळांना पहिल्यांदा हे म्हणायची मुभा दिली की नवी शाळा उत्तम असेल, पण तिच्यामुळे आमच्या उरलेल्या शाळा कोलमडतील, म्हणून सनद देत नाही. माझ्या मते या विषयातला गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच. तोवर सनद देताना फक्त येऊ घातलेल्या शाळेकडे बघायचं असा नियम होता.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात चार्टर कायदा नाही. पण मुंबई-पुण्यात महापालिकेच्या काही शाळा आकांक्षासारख्या संस्था भागीदारीत चालवतात, आणि त्यातल्या काहींत प्रवेशासाठी रांगा लागतात. २०२३ मध्ये राज्याने दत्तक शाळा योजना आणली. त्यात कंपनी किंवा दाता पाच किंवा दहा वर्षांसाठी सरकारी शाळेला मदत करतो. कारभार सरकारचाच राहतो, म्हणून ती चार्टर नव्हे. दोन्ही गोष्टींत एक कागद असतो, करार. तो भागीदारीतल्या शाळेबद्दल सहसा सगळं सांगतो. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या पालिका शाळेचा पट घटला तर काय, संस्था मध्येच निघून गेली तर मुलं कुठे जाणार, हे त्यात आहे का, एवढं वाचून पाहावं. आपल्याकडे कमी पटाच्या शाळेचं पुढे काय होतं हे वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

भाचीने मला विचारलं होतं, ‘मग मी चुकले का?’ मी नाही म्हटलं. मुलीला चांगली शाळा मिळत असताना धोरणासाठी ती सोडा, असं कुठल्या आईला सांगणार? पण तिच्या शाळेची सनद पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येते. त्याची जाहीर सुनावणी होते, कुणालाही बोलता येतं, मूल त्या शाळेत नसलं तरी. तिला म्हटलं, शेजारणीला घेऊन जा. ती म्हणाली, ‘मामा, आधी तिने फोन तर उचलू दे.’